पुजा नावाचा ब्रश

वारंगा फाट्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मशीन माझं, चित्रकाम बायकोचं. रेणुका लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, चार अक्षरं टाईप करील, गिऱ्हाइकाला पाणी देईल. वर्षाच्या आत तिनं मला मशीनपाशी हाकललं आणि स्वतः कॉम्प्युटरवर बसली. आता दुकानाला कुणी वैजनाथचं दुकान म्हणत नाही, फोटो जित्ता करणाऱ्या बाईचं दुकान म्हणतात. राग येतो का? येतो थोडा. पण चूल तिच्यामुळं पेटते, म्हणून गिळतो.

आमच्याकडं निम्मं काम वाढदिवसांचं आणि निम्मं मेलेल्यांचं. वाढदिवसाला डोकं लागत नाही. माणूस गोरा करायचा, गळ्यातली साखळी जाड करायची, झालं. मेलेल्यांचं काम कठीण. घरात धड फोटो नसतो. आधार कार्डाची झेरॉक्स आणतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागं उभ्या असलेल्या म्हातारीचं अर्धं तोंड. त्यातून सबंध माणूस काढायचा. कॉम्प्युटरला जोडायची एक काळी पाटी असते, तिच्यावर पेन चालवलं की स्क्रीनवर रंग उमटतो. रेणुका त्या पाटीवर माणूस रंगवून काढते.

सॉफ्टवेअरमध्ये तयार ब्रश ढिगानं असतात. तिला एकही पटला नाही. "हे समदे गोऱ्या कातडीसाठी केलेत," ती म्हणायची, "आपल्या माणसाच्या गालावर फिरवले की गाल मेणाचा होतो." मग तिनं स्वतःचे ब्रश करायला घेतले. वसमतची हळद पांढऱ्या कागदावर फुंकली, मोबाईलनं फोटो काढला आणि तो ब्रशचं टोक म्हणून लावला. भाकरीच्या पापुद्र्याचा एक केला, ओल आलेल्या भिंतीचा एक. मग आकडे फिरवत बसायची. पेन दाबलं की रंग किती उतरावा, ब्रश किती ओला असावा, खालचा रंग त्यानं किती ओढावा. दोन रंग भेटतात तिथं रेघ दिसता कामा नये, आणि ती पुसलेली आहे हेही दिसता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हणायचो, "अगं, खांबावर पंधरा फूट उंच लागनार हाय, कोण बघतंय?"

"त्याची बायको बघती," ती म्हणायची.

हळद, भाकर, ओल अशी तिच्या ब्रशांची नावं. आणि एक पुजा नावाचा. तो ती दुसऱ्या कुणासाठी काढायची नाही. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, अनुसयाबाई आली की काढायची.

अनुसयाबाई आमच्या मागच्या तांड्यावरची. तिची थोरली लेक पुजा सहा वर्षांची असताना वसमतच्या बाजारात हरवली. बाप, म्हणजे थावरा, तिला घेऊन गेला होता आणि गर्दीत हात सुटला, असं सगळ्या तांड्याला माहीत. अनुसयाबाई त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात हळद काढायला गेलेली. मग ठाणं झालं, नांदेड-परभणीचे स्टँड झाले, देव झाले, भगत झाले. तीन वर्षांनी ती आमच्या दुकानात आली. लेकराचा एकच फोटो होता, अंगणवाडीतला. तो पोलक्यात ठेवून ठेवून घामानं पार पुसट झाला होता.

"ह्याच्यात ती सा वर्साची हाय," ती म्हणाली. "आता नऊ वर्साची झाली असंल. आता कशी दिसत असंल ते काढून द्या. लोकायला सा वर्साची दाखवून काय उपेग?"

रेणुकानं विचारलं, मोठी कशावरून करू? बाईनं पाठीमागं लपलेली धाकटी पोर दंडाला धरून पुढं केली. तिचं नाव पुनम.

"हिच्यात बघा, अन् माझ्यात बघा. आमच्या दोघीच्या मधातच असंल ती कुठंतरी."

त्यासाठी तो ब्रश झाला. खाली गेल्या वर्षीची पुजा, एका बाजूला आईचा फोटो, दुसऱ्या बाजूला पुनमचा. ब्रश दोघींचे रंग थोडेथोडे उचलायचा आणि खालच्या तोंडात मुरवायचा. बाई खुर्चीवर कधी बसली नाही. स्क्रीनपाशी उभी राहून सांगत जायची, गाल भरले असतील, आता नाक वर आलं असंल, अन् रेणुका ब्रश कमी-जास्त ओला करत जायची. पुजाच्या हनुवटीखाली तव्याचा चटका बसलेला डाग होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या पुसट फोटोत तेवढा मात्र नीट दिसत होता. तो रेणुकानं पहिल्याच वर्षी उचलून वेगळ्या थरावर ठेवला होता, सगळ्यात वर, म्हणजे खाली कितीही ब्रश फिरला तरी त्याला धक्का लागणार नाही. काम झालं की अनुसयाबाई बोट पुढं करून त्या डागावर टेकवायची. मग म्हणायची, "हां. हीच."

जुनं चित्र मात्र ती ठेवू द्यायची नाही. रेणुका वेगळ्या नावानं फाईल ठेवायला लागली की म्हणायची, "जुनी कशाला? लेकरू मोठं झाल्यावर ल्हानगं घरात राहतं का?" अंगणवाडीतला तो फोटोही एका वर्षी तिनं आपल्या हातानं चुलीत घातला. लहान पोरीचा फोटो जवळ ठेवला तर पोरगी तिथंच अडकून पडेल, अशी तिची समजूत होती. मग रेणुका जुनीवरच नवी ठेवायची. तिला ते आवडायचं नाही. पण आईपुढं कोण बोलणार?

यंदा संक्रांत झाली आणि थावरा एकटाच दुकानात आला. हा माणूस आजवर उंबरा चढला नव्हता. बायको आत असली की रस्त्यापलीकडं पानटपरीला पाठ टेकून उभा राहायचा. मला वाटायचं, बायकोच्या वेडाची लाज वाटत असेल.

"भाऊ, आवंदा तिला मोठी करू नका," तो म्हणाला. "तिचं लगीन लावून टाका."

"कुणाचं?"

"पुजाचं. फोटोत. नवरी करा. घुगरी, चुडा, समदं घाला."

घुगरी म्हणजे तांड्यावरच्या लग्न झालेल्या बाईच्या कानापाशी केसांत लोंबते ती चांदी. मग हळूहळू कळलं. पुनमला कळमनुरीकडचं चांगलं स्थळ आलं होतं आणि अनुसयाबाई अडून बसली होती. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीला उजवायची नाही. याच पायी आधीची दोन स्थळं गेली. पुनम आता घरात कुणाशी बोलत नव्हती, भिंतीकडं तोंड करून बसून असायची.

"म्हनलं, फोटोत थोरलीचं लगीन लावू, मंग पुनमचं. लई येळ माझ्याकडं बघून राहिली. मंग व्हय म्हनली."

मला हसू आलं आणि हसू आल्याची लाजही वाटली. म्हणालो, "अन् थावराभाऊ, उद्या पोरगी खरीच आली तर?"

"न्हाई येत."

"आसं काहून म्हनता? मानसं वीस-वीस वर्सांनी घावतात."

"न्हाई येत, भाऊ."

मग त्यानं सांगितलं. खुर्चीच्या कडेवर बसून, माझ्याकडं न बघता, बंद मशीनकडं बघत. बाजार-बिजार काही नव्हता. वसमतकडं एका शेतकऱ्याच्या रानात, सिद्धेश्वरच्या कालव्यावर तो मोटर बसवायला गेला होता आणि पोर सोबत होती. आदल्या दिवशीची उतरली नव्हती. लिंबाखाली डोळा लागला. उठला तेव्हा कालवा भरून चालला होता आणि काठावर पोरीच्या चपला होत्या. त्यानं घरी येऊन बाजाराची गोष्ट सांगून टाकली. दुसऱ्या दिवशी शोधायच्या नावानं कालव्याच्या कडेनं चालत गेला, तेव्हा खालच्या गेटाला ती सापडली. तिथंच वरच्या अंगाला, बाभळीखाली, त्यानं एकट्यानं तिला पुरली.

"मेली म्हनलं असतं, तर तिनं इचारलं असतं, तुमी तवा काय करून राहिले व्हते," थावरा म्हणाला. "हरवली म्हनलं की ती पोरीला हुडकती. मला काय इचारत न्हाई."

मी त्याच्या कानाखाली वाजवायला उठलो होतो, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ती बाई स्टँडास्टँडावर चित्र चिकटवत फिरली, आणि हा पाठीमागं पिशवी धरून फिरला. रेणुका मागं पेन हातात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी न्हाई करणार," ती म्हणाली. "तुमी मावशीला सांगा."

"सांगतो, वैनी. पुनम उजवली की सांगतो. आत्ता सांगितलं तर ती अन्न सोडती, अन् पुनम तशीच बसून राहती."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. त्या धाकट्या पोरीनं काय पाप केलं होतं? रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिला जे समजायचं ते ती समजली.

ती नवरी करताना मी रेणुकाला पहिल्यांदा कामात अडखळताना बघितलं. पुजा ब्रश घ्यायची, दोन हात मारायची, मागं घ्यायची. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "अहो, ह्याच्यात पुजा राहिलीच न्हाई. दर वर्सी मी ह्या दोघींना तिच्यात ओढत गेले. कपाळ पुनमचं हाय. गाल मावशीचे. एक डाग सोडला तर ही पोरगी मीच केलेली हाय."

"गप कर अन् उरक," मी म्हणालो. मला भीती वाटत होती, म्हणून असा बोललो.

अनुसयाबाई पुनमला घेऊन दुपारची आली. पुरचुंडीत हळद आणली होती. रेणुकानं विचारलं, शेजारी नवरदेव काढू का? बाई म्हणाली, "नगं. ज्याचा त्यानं केला असंल. मला लेक दिसली म्हंजे बास." मी नवरी मोठ्या आकारात छापली. बाईनं ती जमिनीवर अंथरली, डागावर बोट टेकवलं आणि मग तिच्या दोन्ही गालांना हळद लावली. फ्लेक्सवर हळद ठरत नाही, घसरते. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. मग तिनं ढावलो धरला. नवरी निघताना तांड्यावरच्या बाया तिच्या गळ्यात पडून गातात ते रडगाणं. गळ्यात पडायला कुणी नव्हतं, म्हणून ती पुनमच्या गळ्यात पडली. मी शटर अर्धं ओढलं. बाहेर एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते बॅनर न्यायला आले होते, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा थांबा म्हणालो. पलीकडं टपरीपाशी थावरा पाठ करून उभा होता.

वैशाखात पुनमचं लग्न झालं. आम्ही जेवून आलो. पोरगी हसत होती, ते बघून बरं वाटलं. थावरानं बायकोला काही सांगितलं नाही. रेणुका त्याला रस्त्यात गाठायची. "सांगतो, वैनी," तो म्हणायचा आणि पुढं निघायचा. अनुसयाबाईनं चित्र घेऊन फिरणं सोडलं होतं. थावराला वाटलं, मिटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

लेक दिली म्हणजे आई वाट बघायची थांबते, असा हिशोब दोन बाप्यांनी केला. रेणुकाला विचारलं असतं तर तिनं तिथंच सांगितलं असतं.

नागपंचमी आठ दिवसांवर आली. सासरच्या लेकी पंचमीला माहेरी येतात, तांड्यावरही आता तीच रीत आहे. अनुसयाबाई दुकानात आली आणि तिनं काऊंटरवर दोन लुगडी ठेवली. एकाच रंगाची, एकाच काठाची.

"एक पुनमला," ती रेणुकाला म्हणाली, "अन् एक थोरलीला. पयली पंचमी हाय दोघीची."

बाईनं दुसरं लुगडं उचललं, पायरी उतरली आणि रस्ता ओलांडून थावरापुढं जाऊन उभी राहिली. आम्ही दारात आलो. ती ओरडली नाही, पण फाट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुनमला आणाया तिचा चुलतभाऊ जानार हाय. थोरलीला मुराळी तुमी जा."

"कुठं जाऊ, अनुसया?"

"मला काय ठावं? येवढ्या वर्सांत तिचं लगीन लावा आसं कुणी म्हनलं न्हाई. तुमी म्हनलात. ठिकाण बघितल्याबिगर बाप लेक देतो का कुठं?"

थावराच्या हातातली विडी तशीच राहिली. बाईनं लुगडं त्याच्या छातीशी धरलं, त्यानं ते घेईपर्यंत धरून ठेवलं.

"तिला घेऊन या," ती म्हणाली.

तिला कधीपासून संशय होता? लग्न लावा म्हटलं तेव्हापासून, की पहिल्या दिवसापासून? मी यावर पुष्कळ डोकं चालवलं. रेणुका म्हणते, तिला संशय नव्हता, तिला रीत माहीत होती.

पंचमीला सकाळपासून अनुसयाबाई आमच्या पायरीवर बसली. रेणुकानं चहा दिला, तो तसाच गार झाला. दुपारी पुनम आली, नवी घुगरी घालून, आणि आईचं तोंड बघून मुकाट तिच्याजवळ टेकली. ऊन कललं तेव्हा वसमतच्या बाजूनं आलेल्या जीपमधून थावरा उतरला. कोपरापर्यंत हात मातीनं भरले होते. लुगड्याचं गाठोडं त्यानं झोपलेलं लेकरू धरावं तसं छातीशी धरलं होतं. तो बायकोसमोर उकिडवा बसला आणि गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"आणली," तो म्हणाला.

बाईनं गाठ सोडली. आत बघितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मलाही दिसलं आणि दिसायला नको होतं. काळपट पडलेला चांदीचा वाळा होता, माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. बाकीचं मी सांगत नाही. बाईनं गाठोडं दोन्ही हातांनी थोडं उचललं, वजन बघावं तसं, आणि परत मांडीवर ठेवलं.

"येवढीशीच?" ती म्हणाली. "ही तर आजून तेवढीच हाय."

थावरा रस्त्यावर कपाळ टेकून रडत होता. तवा तुमी काय करून राहिले व्हते, असं तिनं विचारलंच नाही. त्या प्रश्नाला भिऊन या माणसानं एवढा खेळ केला होता. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. मी आत जाऊन मशीनमागं उभा राहिलो, कारण मला ते सहन होईना.

पुढं पोलीस आले, जबाब झाले, पोरीला तांड्याच्या जागेत रीतीनं माती दिली. थावरा आता रानातच राहतो, घरी येत नाही. पुनम सासरी गेली.

दसऱ्याच्या सुमारास अनुसयाबाई एकटी आली. नेहमीसारखी स्क्रीनपाशी उभी राहिली.

"बाई, मला ती पयली द्या," ती म्हणाली. "सा वर्साची. इतकी वर्सं मी दुसरीच कुणी मोठी करून राहिले व्हते. माझी तर तेवढीच व्हती."

रेणुकानं पुजा ब्रश काढला. तो कमी ओला केला, जास्त ओला केला, ओढ पार शून्यावर आणली. मी मागं उभा राहून बघत होतो. नवरीच्या गालावरून एकदा फिरवला, एकदा कपाळावरून. एकवीस वर्षांची पोरगी एकविसाचीच राहिली. रेणुकानं पेन ठेवलं.

"मावशी, हा ब्रश मागं जात न्हाई," ती म्हणाली. "आपन जुनीवरच नवी ठेवत आलो. आता मी ल्हान काढली तरी ती पुनम निघंल, न्हाईतर तुमी. ती न्हाई राहिली ह्याच्यात."

"काहीच न्हाई?"

रेणुकानं पेन पुन्हा उचललं. मग तिनं एकेक थर बंद केला. घुगरी गेली, केस गेले, डोळे गेले, गाल गेले. मागचा रंगही गेला. सगळी स्क्रीन पांढरी झाली आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा तो डाग राहिला.

अनुसयाबाईनं बोट पुढं केलं आणि त्यावर टेकवलं.

"हां," ती म्हणाली. "हीच."

तेवढंच छापून द्या, असं ती मला म्हणाली. मी कागद लावला आणि मशीन चालू केलं. एवढ्याशा डागाला शाई अशी काही लागलीच नाही.